श्री. गाजर गवत यांस, मुक्काम रिकामा प्लॉट, सोलापूर

महोदय,

सप्रेम शिंका, विनंती विशेष.

पत्र उघडं लिहितोय, कारण पाकिटावर पत्ता कोणता घालायचा हाच प्रश्न पडला. होटगी रोडच्या कडेला आपण, विजापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांत आपण, जुळे सोलापुरात पायाच्या वर न गेलेल्या प्रत्येक बांधकामावर आपण, रेल्वेरुळांच्या दोन्ही अंगांना आपण. सातबारा कोणाच्याही नावे असो, ताबा आपला. कूळकायदा आपल्याला लागू असता तर निम्मं शहर एव्हाना आपल्या नावावर चढलं असतं.

गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझं नाक दरवर्षी आपल्या सेवेत रुजू असतं. सकाळी डोळे उघडायच्या आत शिंकांची माळ सुरू होते, मग टाळूला खाज, डोळ्यांना खाज, आणि मग पाणी. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायची सवय आम्हाला वर्षानुवर्षं आहे. नाकाला मात्र रोज येतं, तेही पुऱ्या दाबाने. शेजारी विचारतात, "काय बे, अजून सर्दी गेली नाही का?" त्यांना काय सांगणार, की ही सर्दी नव्हे, ही आपली कृपा. सर्दी आठवड्यात जाते, आपण हंगाम संपल्याशिवाय हलत नाही. सर्दीत ताप येतो, अंग मोडून येतं. आपल्या कृपेत तसलं काही नाही, फक्त खाज, शिंका आणि पातळ पाणी. हा फरक ज्याला कळला त्याचा अँटिबायोटिकचा निम्मा खर्च वाचला.

आपलं घराणं थोर. लिनियससाहेबांनी 1753 सालीच आपल्याला शास्त्रीय नाव बहाल केलं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू हे आपले भाऊबंद. म्हणजे देव्हाऱ्यात बसणारे सगळे आपल्याच गोत्राचे, उकिरड्यावर राहायचा मान तेवढा आपण घेतलात. मूळ गाव मेक्सिकोच्या आजूबाजूचं. आणि इकडे कसे आलात? याचं उत्तर इथल्या कोणत्याही कट्ट्यावर तयार असतं: पीएल-480 चा अमेरिकन गहू आला, त्या पोत्यांतून आपण आलात, त्या वेळी सरकार काँग्रेसचं होतं, म्हणून आपण 'काँग्रेस गवत'. गोष्ट चटकदार आहे, फक्त तारखा जुळत नाहीत. पीएल-480 चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. आणि आपण पुण्यात सापडल्याची आर. एस. राव यांची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली तीही 1956 मध्येच. पहिलं जहाज लागायच्या आत आपण पुण्यात उगवून, फुलून, शास्त्रज्ञांच्या नजरेत भरून बसला होतात. आता अमेरिकन गहू 1951 च्या उसनवारीतही आला होता, तेव्हा गव्हाला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. पण रॉक्सबर्ग यांच्या 1814 च्या कलकत्त्याच्या वनस्पतींच्या यादीतही आपलं नाव आहे म्हणतात. म्हणजे कंपनी सरकारच्या काळातही आपण एकदा डोकावून गेला असाल. एक मात्र खरं: आपल्याला आणलं कोणी यावर आम्ही सत्तर वर्षं वाद घातला आणि आपल्याला वाढवलं कोणी हे विचारलंच नाही.

आपली कर्तबगारी मान्य करावीच लागते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येता. एका झाडाला हजारोंनी बिया, चांगल्या जोमाच्या झाडाला पंधरा-वीस हजार. पाऊस कसा का पडेना, चार शिंतोडे पुरेत. ज्या जिल्ह्यात मालदांडी ज्वारीला ओल पुरेल की नाही या काळजीत शेतकरी रात्र काढतो, तिथे आपण उन्हाळ्यातही गटाराच्या कडेला हिरवेगार. आपल्या अंगातलं पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य शेजारच्या रोपांना वाढू देत नाही. जनावरं आपल्याला तोंड लावत नाहीत, आणि चुकून लावलंच तर दूध कडू. पायाखाली येणारं काहीही खायला तयार असणारी शेळीसुद्धा जिथे विचार करते, तिथे आमच्या नाकाने काय करावं?

नाकाचं काय होतं ते एकदा आपल्या कानावर घालतो, कारण आपण फुलं फुलवून मोकळे होता, परिणाम पाहायला थांबत नाही. आपले परागकण नाकात शिरतात. काहींच्या शरीराला ते घुसखोर वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या हंगामात तेच परागकण आले, की नाकातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात आणि शिंका, पाणी, खाज असा जथा काही मिनिटांत निघतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1991 च्या सुमारास नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांची त्वचाचाचणी केली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातावर आपल्या परागाने गांधी उठवली. तोवर लोक आपल्याला फक्त कातडीचा इसब देणारे समजत होते. नाकाचं खातंही आपणच सांभाळता हे तिथे उघड झालं.

न्यायाने बोलायचं तर सोलापुरात शिंकायला दुसरी कारणंही भरपूर आहेत. यंत्रमागाच्या शेडमधला कापसाचा भुरा, मळणीच्या दिवसांतलं ज्वारीचं भुसकट, गाळप हंगामातली कारखान्यांची काजळी, रस्त्यांवरची धूळ, आणि अंथरुणात बिनभाड्याने राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे. बारा महिने शिंकणाऱ्याने सगळा दोष आपल्या माथी मारू नये. पावसाळा सरता सरता सुरू होऊन थंडीत आटोपणाऱ्याने मात्र आपलं नाव पहिलं घ्यावं, आणि शक्य असेल तर हातावर टोचून करायची साधी ॲलर्जीची चाचणी करून खात्री करावी. एरवी आमच्याकडे निदानाची पद्धत एकच. कोणीतरी म्हणतं, "तुझ्या नाकाचं हाड वाढलंय." हाड वाढलं म्हणणाऱ्यांची संख्या मोजली तर शहरात सरळ नाकाचा एकही माणूस शिल्लक नाही.

आता आपल्या पायी आम्ही काय काय करतो याचा अहवाल. वाचताना आपली करमणूक होईल.

सकाळी तुळस, आलं, मिरी, गवती चहाचा काढा. दुपारी सुंठ-गूळ. रात्री हळदीचं दूध. घसा शेकला जातो, बरं वाटतं, आईला वाटतं की आपण काही केलं. हिस्टामिनला यातलं काही कळत असल्याचा पुरावा तोकडा आहे, पण नुकसानही नाही, म्हणून काढ्याशी माझं वैर नाही. वैर आहे ते धुरीशी. ओवा, वेखंड, कापूर निखाऱ्यावर टाकून घर धुराने भरायचं आणि आधीच सुजलेल्या नाकाला त्यात कोंडायचं. आपण बाहेर अर्धवट सोडलेलं काम आम्ही घरात पूर्ण करतो. वाफेचं म्हणाल तर घटकाभर नाक मोकळं होतं; मात्र लहान पोराला उकळत्या पातेल्यावर वाकवून डोक्यावर चादर टाकणाऱ्यांनी पातेलं कलंडलं तर काय, एवढं मनात आणावं.

वैद्य मंडळी याला प्रतिश्याय म्हणतात आणि अणुतेलाचं नस्य सांगतात. दोन-दोन थेंबांनी कोरड्या, चुरचुरणाऱ्या नाकाला आराम पडल्याचं सांगणारे मला बरेच भेटले आहेत. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, पण शिकलेल्या वैद्याला विचारून नस्य करणाऱ्याला मी हसणार नाही. हसू येतं ते नाव नसलेल्या पुडीवाल्याचं. आठवडे बाजारात 'जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या पुडीने दोन दिवसांत नाक असं मोकळं होतं, की घेणारा आयुर्वेदाचा जयजयकार करत फिरतो. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत बऱ्याचदा पाल्याऐवजी स्टिरॉइड असतं. आणि हाच माणूस डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला तर दचकून विचारतो, "त्यात स्टिरॉइड नाही ना?" असतं, आणि तेच काम करतं. फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे हे स्प्रे जागच्या जागी, अगदी थोड्या मात्रेत काम करतात, आणि मध्यम ते तीव्र त्रासावर गोळीपेक्षा भारी ठरतात. त्यांचा दोष एकच: ते चमत्कार करत नाहीत. पुरा गुण यायला काही दिवस लागतात, रोज मारावे लागतात, आणि नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावं लागतं. लोक दोनदा मारतात, तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बाटली फ्रिजवर ठेवून देतात. आमच्या घरी फ्रिजवर आपल्या नावाची अशी समाधी आहे.

गोळ्यांचंही सांगतो. जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन वगैरे, शिंका थांबवायच्या आणि माणसालाही थांबवायच्या; कार्यालयात फाइलवर डोकं टेकून झोपणाऱ्यांपैकी काही जण खरोखर निर्दोष होते. सेटिरिझिनने झोप कमी, पण येते. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिनने फारच कमी. सध्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता मिळणारी लाडकी जोडगोळी आहे मोंटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची. पैकी मोंटेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 साली मोठ्या चौकटीतली ताकीद दिली: स्वभाव बदलणं, उदासी, वाईट स्वप्नं. साध्या नाकाच्या ॲलर्जीला दुसरं औषध चालत असेल तर हे टाळा, असंही सांगितलं. आमच्या गल्लीत ही गोळी वाणसामानाच्या यादीत साखरेच्या खाली लिहिली जाते.

पण आपल्या दरबारातला सगळ्यांत धूर्त माणूस म्हणजे नाक मोकळं करणारे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक खुलं. तीन दिवस, फार तर पाच दिवस टाकायचे. आम्ही टाकतो तीन महिने. मग थेंबांशिवाय नाक उघडतच नाही, आणि आपला हंगाम संपून आपण वाळून गेलात तरी नाक बंदच. म्हणजे आरोप आपल्यावर आणि आजार बाटलीचा. अशा खटल्यात मी आपली बाजू घेईन.

होमिओपॅथीच्या साबुदाण्याचंही एक प्रकरण आहे. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांचा प्रयोग तिच्या बाजूने छापून आला, आणि त्याचं कात्रण अजून कुठे कुठे भिंतीवर दिसतं. 2002 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये घरधुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या दम्याच्या रुग्णांवरचा मोठा प्रयोग आला. त्यात औषध आणि नुसती गोळी यांत फरक सापडला नाही. हे कात्रण मात्र कोणी चौकट करून लावलेलं नाही.

जलनेतीला मी मान देतो. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की परागकण आणि शेंबूड दोन्ही निघतात, लक्षणं हलकी होतात, आणि हे आधुनिक डॉक्टरही मानतात. लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. मात्र नेतीचं भांडं सोलापुरात वापरताना एक गोष्ट विसरून चालत नाही. आमच्याकडे पाणी पिंपात, हौदात, टाकीत दिवसचे दिवस साठलेलं असतं. असं पाणी थेट नाकात घालणं म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमिबाला दार उघडून देणं. प्रकार दुर्मीळ आहे, पण झाला तर जवळजवळ कोणी वाचत नाही. पाणी उकळा, थंड करा, मग वापरा. योगवर्गात जलनेतीचे सतरा फायदे सांगतात. हे अठरावं वाक्यही सांगावं.

आणि योगाचा विषय निघालाच आहे तर: पहाटे मैदानाच्या कडेला, आपल्या फुललेल्या ताटव्याशेजारी चटई टाकून दीर्घ श्वास घेणारे आमचे ज्येष्ठ नागरिक आपण पाहिले असतीलच. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना आपण पांढऱ्या फुलांच्या पताका लावून उभे. आई भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या भक्ताचे डोळे भरून येतात, त्यातलं भक्तीचं किती आणि आपलं किती हे देवीलाच ठाऊक. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून चालणाऱ्याला थोडा फरक पडतो, एवढं मी सांगू शकतो.

मुळावर घाव घालणारा एक इलाज वैद्यकाकडे आहे. लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये गवताच्या परागाचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावायचा प्रयोग केला. आज तीच इम्युनोथेरपी इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात; तीन ते पाच वर्षं चालते, खर्चिक आहे, तज्ज्ञाच्याच हाताखाली घ्यायची असते. ज्याचं नाक गोळी-स्प्रेला दाद देत नाही त्याने जरूर विचारावं. पण माझ्या मनात एक उर्मट प्रश्न येतो. आपल्या परागाशी जुळवून घ्यायला मी माझ्या रक्ताला पाच वर्षं शिकवणी लावायची, आणि आपल्याला उपटायला पाच मिनिटं कोणी वाकायचं नाही?

आपल्याला हटवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शेजारच्या कर्नाटकाने 1975 सालीच आपल्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. सीमा ओलांडून आपण निवांत. 1980 च्या दशकात आपल्याच मुलखातून, मेक्सिकोतून, झायगोग्रामा नावाचे भुंगेरे आणले आणि बेंगळुरूत सोडले. ते आपल्याखेरीज फारसं काही खात नाहीत. मग कोणाला ते सूर्यफुलावर दिसले, आरडाओरडा झाला, चौकशी समिती बसली, बरीच वर्षं गेली. सूर्यफूल वाचलं आणि आपणही. हे भुंगेरे पावसाळ्यात जोमात असतात, नंतर जमिनीत जाऊन झोपतात. आमच्याकडे पाऊसच रुसका, तेव्हा एकट्या भुंगेऱ्यांच्या भरवशावर राहणं आपल्याच फायद्याचं. टाकळा मात्र आपल्याला भारी पडतो. पावसाच्या सुरुवातीला मोकळ्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर तो दाटीने उगवतो आणि आपल्याला डोकं वर काढू देत नाही. वर त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. आपली कशाचीच होत नाही.

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या आठवड्यात देशभर आपल्या निर्मूलनाचा सप्ताह असतो. जबलपूरची तण संशोधन संस्था तो चालवते. आमच्याकडे त्याचं स्वरूप ठरलेलं. शाळेची पोरं रांगेत आणायची, उघड्या हातांनी आपल्याला उपटायला लावायची, फोटो काढायचा. पोरांच्या हातांवर पुरळ, आपण उपटलेल्या जागी दुसऱ्या महिन्यात पुन्हा हजर, कारण बी आधीच सांडलेलं. आपल्याविरुद्धच्या मोहिमेत जखमी होतो तो सैनिक, आणि पदक मिळतं आपल्याला.

तेव्हा माझ्या लेखी मुख्य आरोपी आपण नाहीच, श्रीमंत. आपण गवत आहात. गवताचं काम उगवणं. आरोपी आहेत प्लॉट घेऊन भाव वाढायची वाट पाहत बसलेले. कुंपणावर 'विकणे नाही' असा फलक रंगवायला त्यांच्याकडे पैसे असतात, आतलं रान काढायला नसतात. सोसायटीच्या बैठकीत लिफ्टवर दोन तास भांडून गेटबाहेरच्या पट्ट्याचं नाव न काढणारे आम्हीही त्याच रांगेत. काम अवघड नाही. पावसाने माती ओली असताना, फूल यायच्या आत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मुळासकट उपटायचं. फुलापूर्वीचा पाला खड्ड्यात टाकला तर त्याचं खत होतं. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याने आणि लहान मुलांनी यात हात घालू नये, मजूर लावावेत. एका प्लॉटचा मजुरीचा खर्च आणि शेजारच्या चार घरांचं हंगामाचं औषधाचं बिल एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावं.

कळावे, लोभ आटावा ही विनंती.

आपला हंगामी वेठबिगार,
एक सोलापूरकर

ता. क. हे माझ्यासारख्या नाकवाल्यांसाठी: डॉक्टरांकडे पहिली शिंक आल्यावर जाऊ नका, जुलैअखेरच जा. नाकातला स्प्रे हंगामाच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू केला तर जास्त उपयोगी पडतो. आणि श्वास लागत असेल, छातीत घरघर असेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आजच जा.